हाक मारलेली नावं

ठोंब्या ताईच्या ऑफिसात गेला तो तिची उशी आणायला. खुर्चीवर घ्यायची, बसून बसून मध्ये खड्डा पडलेली, निळ्या अभ्र्याची उशी. आईने सकाळीच बजावलं होतं, "तिची एकही वस्तू तिथे राहता कामा नये. टाचणीसुद्धा."

वर्कशॉपमधून त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. वेल्डरचे हात, घासून घासून धुतले तरी नखांतली काजळी काही गेली नाही. स्वच्छ शर्ट घातला आणि भर दुपारी, उन्हाने रस्ता पांढरा पडलेला असताना, तो त्या काचेच्या इमारतीत शिरला.

ताई जाऊन अजून महिना व्हायचा होता. डोक्यातली नस फुटली म्हणे. जागेवरून उठली, पाणी प्यायला मशीनपाशी गेली आणि पेला हातात असतानाच कोसळली. जवळ चिटपाखरू नव्हतं. म्हणूनच आईच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आई रोज सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि भिंतीकडे बघत विचारायची, "शेवटी काय म्हणाली रे ती?"

"आई, तिथे कुणी नव्हतं."

"काहीतरी म्हणालीच असेल. माझी पोरगी गप्प जाणारी नव्हती."

ठोंब्या चहा तसाच टाकून उठायचा. तो एक शेवटचा शब्द कुठे मिळाला असता, तर त्याने उजवा हात तोडून दिला असता. आईला दुसरं काही नको होतं, आणि आईला हवं ते आणून देण्याखेरीज आता त्याला दुसरं काम उरलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि समोरच ते पाण्याचं मशीन. ठोंब्याने एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि काय करतोय हे कळायच्या आत सणसणीत लाथ घातली. तोटी निखळली, पाणी भळाभळा वाहायला लागलं. रखवालदार धावत आला. त्याने ठोंब्याचा दंड पकडला, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "सोडा त्यांना. ताईंचे भाऊ आहेत ते."

या ताईच्या मॅडम. केस पांढरे, आवाज हळू, गळ्यात चष्म्याची साखळी. पाण्यातून पाय उचलून टाकत त्या जवळ आल्या.

"तुम्हीच ठोंब्या ना?" म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या. "माफ करा हं. खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. तुमच्या ताई हेच नाव घ्यायच्या. इथे सगळे तुम्हाला याच नावाने ओळखतात."

"हेच चालेल," ठोंब्या म्हणाला. "तोटी मी बसवून देतो."

"तोटी राहू द्या. माझं दुसरं काम आहे तुमच्याकडे. तुमच्याशिवाय होणार नाही असं."

सातवीत शाळा सोडलेल्या वेल्डरकडे या बाईंचं काय काम, असं कुणालाही वाटेल. ठोंब्याला नाही वाटलं. त्याला ताईची नोकरी ठाऊक होती, आणि त्या नोकरीतला आपला वाटाही.

संगणकाचा प्रोग्रॅम काही एकदम जन्माला येत नाही. आधी त्याचे सुटे तुकडे तयार होतात, त्यांना म्हणतात ऑब्जेक्ट फाइल. माणसाने लिहिलेलं त्यात मशीनच्या भाषेत गेलेलं असतं, त्यामुळे उघडून बघावं तर नुसती गिचमिड. या तुकड्यांच्या पोटात डोकावायला कंपनीने एक साधन बनवलं होतं, भिंग नावाचं. काळ्या पडद्यावर 'भिंग' लिहायचं, मग एक आडवी रेघ, रेघेला चिकटून एक इंग्रजी अक्षर, आणि शेवटी फाइलचं नाव. अक्षर बदललं की भिंग वेगळं काही दाखवतं. एका अक्षराने फाइलचे कप्पे, दुसऱ्याने आकार, तिसऱ्याने आतली नावं. या अक्षरांना ऑप्शन म्हणत. कुठला ऑप्शन काय करतो, हे साध्या मराठीत लिहून पुस्तिका तयार करणं, ही ताईची नोकरी.

तिची एक रीत होती. लिहिलेलं प्रत्येक वाक्य ती फोनवर ठोंब्याला वाचून दाखवायची. ठोंब्याला कळलं तर जगाला कळलं, असा तिचा हिशोब. "या ऑप्शनने फाइलचे विभाग दिसतात," असं तिने एकदा वाचलं, तर हा म्हणाला, "कसले विभाग? हॉस्पिटलचे?" ताई अर्धा मिनिट हसत राहिली आणि तिने 'विभाग' खोडून 'कप्पे' केलं. वाक्यासमोर लिहून ठेवायची, 'ठोंब्या पास' किंवा 'ठोंब्या नापास.' नापास झालं तर वाक्य नापास, भाऊ नव्हे.

आणि 'समजलं का?' असं ती जन्मात कधी विचारायची नाही. म्हणायची, "समजलं का म्हटलं की माणूस लाजेखातर हो म्हणतो. तू तर प्रश्न संपायच्या आत म्हणशील." त्याला ती आपल्या शब्दांत सांगायला लावायची, आणि मग तो वेल्डिंगची, गेटची, बिजागरीची उदाहरणं देत सुटायचा.

मॅडमनी त्याला ताईच्या खोलीत नेलं. खोली आतल्या अंगाला होती, खिडकी नसलेली. भर दुपारी तिथे ट्यूबलाइट लागत होती. एसीची घरघर, गरम मशीनवर तापलेल्या धुळीचा वास, आणि त्या वासाखाली आणखी एक. ठोंब्याने नाक वर केलं. तापवून पाण्यात बुडवलेल्या लोखंडाला येतो तसला तो वास होता. ऑफिसात लोखंड कुणी तापवलं? पण उशी समोर होती, खड्ड्यासकट, आणि तिच्याकडे बघितल्यावर वासाबिसाचं भान राहिलं नाही.

शेजारच्या खोलीत बसणारी मुलगी आधीच तिथे होती. जाड काचांचा चष्मा, ठोंब्याच्याच वयाची. ताई घरी तिला चष्मेवालीच म्हणायची. तिने खुर्ची पुढे सरकवली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, म्हणून ठोंब्याला ती एकदम आपली वाटली.

"पुस्तिका आज संध्याकाळी छपाईला जाते आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळे ऑप्शन झालेत, एक राहिलाय. छोटा यू. त्याचं वाक्य ताई लिहीत होत्या, आणि मध्येच उठल्या..."

"पाणी प्यायला," ठोंब्या म्हणाला.

मॅडमनी मान हलवली. चष्मेवालीने पडद्याकडे बोट केलं. ठोंब्याने ओळीखाली बोट धरून, अक्षर अक्षर लावत वाचलं:

हा ऑप्शन दिला की ती नावं दिसतात, ज्यांना ही फाइल हाक मारते, पण जी तिच्यात नाहीत. ती नावं

पुढे काही नव्हतं. नुसती उभी रेघ लुकलुकत होती.

महिनाभर आई जे मागत होती ते इथे, या पडद्यावर पडून होतं. ताईचं शेवटचं बोलणं. आणि ते अर्धं होतं.

"पुढे काय लिहिणार होती?"

"ते आम्हालाही माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुरं झालं नाही, तर हा ऑप्शन गाळावा लागेल. आणि संध्याकाळी हे मशीन पुसून दुसऱ्याला देणार आहेत. म्हणून म्हटलं, तुम्ही बसा, ही तुम्हाला ऑप्शन चालवून दाखवेल. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, ताईंना सांगायचात तसं. तेच लिहू."

"बसतो," ठोंब्या म्हणाला. "वाक्य पुरं झाल्याशिवाय उठत नाही. मग तुमचं मशीन पुसा नाहीतर पुरा."

मॅडम पुसटसं हसल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

चष्मेवालीने त्याला समजावून सांगितलं. प्रत्येक तुकडा स्वतःपुरता नसतो. त्याला दुसऱ्या तुकड्यातली कामं लागतात, आणि तो त्या कामांना नावाने हाक मारतो. काम त्याच्यात नसतं, नुसतं नाव असतं. नंतर सगळे तुकडे जोडले की त्या नावाचा मालक सापडतो, हाकेला ओ मिळते आणि प्रोग्रॅम चालतो.

"म्हणजे गेटची फळी माझ्याकडे, तिच्यावर बिजागरीची जागा आखलेली, आणि बिजागरी दुसऱ्या दुकानात."

"अगदी तसंच," ती म्हणाली. "ताईंनी उदाहरणासाठी एक फाइल ठेवली आहे, नमुना नावाची. त्यावर चालवते."

तिने लिहिलं. भिंग, आडवी रेघ, छोटा यू, नमुना. पडद्यावर नावं उतरली, एकाखाली एक. छापा. मोजा. वाचा. आणि सगळ्यांत खाली, ठोंब्या.

चष्मेवाली हसली आणि तिने डोळे पुसले. "बघा. तुमचंच नाव घातलंय त्यांनी. उदाहरणात लोक काहीही नावं घालतात, मांजराचं, नवऱ्याचं..."

ठोंब्याही हसला. छाती भरून आली त्याची. शेवटच्या दिवशी, शेवटच्या कामात, ताईने आपल्याला घातलं! आईला हेही सांगता येईल.

"पुन्हा एकदा दाखवा की."

तिने तीच ओळ पुन्हा चालवली. छापा, मोजा, वाचा यांच्यावर, सगळ्यांत वर, ठोंब्या.

"मघाशी खाली होतं," तो म्हणाला.

"हो... यादी ठरलेल्या क्रमाने येते. हलायला नको होतं." तिने चष्मा पुसला आणि पुन्हा चालवलं.

या वेळी बाकीची नावं नव्हतीच. ठोंब्या. त्याखाली ठोंब्या. ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या, पडदा भरून नावं खाली सरकत गेली आणि थांबली. एसीची घरघर बंद पडली होती, ती कधी पडली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. लोखंडाचा तो वास आता नाकात शिरत होता, ओला आणि गार.

"तुम्ही काही दाबलंत?" ठोंब्याने हळूच विचारलं.

"नाही. आणि दाबलं तरी असं होणार नाही. भिंग फक्त बघतं हो. बघितल्याने फाइल बदलत नाही." तिने आकाराचा ऑप्शन चालवला. फाइल होती तेवढीच होती, एवढीशी. मग ताईने जे लिहून ती फाइल बनवली होती, तो मूळ मजकूर तिने उघडला. वरून खाली वाचला. खालून वर वाचला. तिचा आवाज कुजबुजीवर आला.

"यात तुमचं नाव... नाहीच आहे."

"मग हाक कोण मारतंय?"

ती तोच मजकूर पुन्हा वर सरकवायला लागली.

दुसरा कुणी असता तर इथेच उठला असता. ठोंब्या उठणाऱ्यांतला नव्हता. लहानपणी विहिरीत चेंडू पडला तर दोर शोधायच्या आधी हा विहिरीत असायचा, आणि वरून ताई शिव्या घालत दोर सोडायची. दोर सोडणारी आता नव्हती, एवढाच काय तो फरक. भीती वाटायच्या ऐवजी त्याला हुरूप आला. ताईच ही! दुसरं कोण असणार? अर्धं वाक्य ठेवून गेली आणि आता पुरं करायला बोलावतेय.

"ताई आहे," तो म्हणाला. "ओ द्यायला पाहिजे. कशी द्यायची?"

"अशी नाही देता येत. तुमच्या नावाचा दुसरा तुकडा बनवावा लागेल आणि तो याला जोडावा लागेल."

"म्हणजे वेल्डिंग. मग जोडा ना, बघत काय बसलात?"

"अहो, जोडल्यावर ते चालेल. काय चालेल ते मला नाही माहीत..."

"ताई तुमची कुणीच नव्हती का?"

हे त्याने बोलायला नको होतं, पण ठोंब्याची जीभ नेहमीच डोक्याच्या पुढे धावायची. चष्मेवालीने ओठ चावले. मग तिने नवीन कोरा मजकूर उघडला आणि त्यात त्याचं नाव लिहिलं.

"नाव झालं. या नावाला हाक मारली की काय व्हायला हवं, ते सांगा."

"ओ म्हणायचं."

"बस?"

"ताईने हाक मारली की मी आणखी काय म्हणायचो? ओ म्हणायचो. मग ती पुढचं बोलायची."

तिने तसं लिहिलं. दोन तुकडे जोडले. बोट बटणावर ठेवून क्षणभर थांबली, मग दाबलं.

पडद्यावर उमटलं, ओ.

बराच वेळ काही झालं नाही. मशीनच्या आतला पंखा जोरात फिरायला लागला, मग आणखी जोरात, जिना चढून आलेलं माणूस धापा टाकतं तसा. आणि 'ओ'च्या खाली, एकेक अक्षर, नवशिक्याने शोधून शोधून टाइप करावं तसं, उमटत गेलं:

समजलं का?

चष्मेवालीच्या तोंडून हुंदका फुटला. "ताई..." ती पुटपुटली, आणि 'हो' लिहायला तिची बोटं पुढे झाली.

ठोंब्याने तिचं मनगट पकडलं. त्याची पकड इतकी घट्ट होती की ती कळवळली.

"लिहू नका."

"का?"

"ही ताई नाही." त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ताई असं कधीच विचारायची नाही. कधीच. ताई म्हणायची, सांग बरं, काय कळलं?"

पंखा थांबला. पूर्ण शांतता झाली. पडद्यावरची 'समजलं का?' ही अक्षरं मागून पुढे, एकेक करून, पुसली गेली. आणि त्याच जागी, आता मुळीच न अडखळता, उमटलं:

सांग बरं, काय कळलं?

"याला... याला माइक नाहीये," चष्मेवाली म्हणाली. "याला ऐकू येत नाही काही..."

ठोंब्याने टेबलाखाली हात घातला आणि वायर भिंतीतून उपटून काढली. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत त्यांचे दोन चेहरे दिसले, दोनच, हे त्याने नीट बघून घेतलं. एसीची घरघर पुन्हा सुरू झाली. लोखंडाचा वास विरत गेला, गेलाच.

"गेलं," ठोंब्या म्हणाला. "जे काही होतं ते गेलं. मला ठोंब्या समजून आलं होतं, पण ठोंब्यालाही ताईनेच तयार केलंय."

म्हणताना त्याची छाती फुगली होती. खरंच सांगायचं तर फुगायला हक्कही होता. भलेभले जिथे 'हो' म्हणून मोकळे झाले असते, तिथे त्याने ते सोंग ओळखलं होतं.

ते दोघं चष्मेवालीच्या खोलीत गेले. तिथे खिडकी होती, उतरतं ऊन टेबलावर आलं होतं. झालेलं मॅडमना सांगायचं नाही, हे न बोलताच ठरलं. मॅडम आल्या, म्हणाल्या, "कळलं का काही?" आणि ठोंब्या किंचित दचकला, मग सावरला.

"लिहा," तो म्हणाला. "ती नावं दुसरीकडून आणून जोडली की काम पुरं होतं. जोडण्याआधी ती कुणाची आहेत ते नीट बघावं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. वर ताईचं, खाली त्याचं. पूर्ण वाक्य दोनदा वाचलं, आणि समोर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'ठोंब्या पास.' मग ते पान छापून त्याच्या हातात दिलं. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर जरा वेळ राहिला.

निघताना चष्मेवाली जिन्यापर्यंत आली.

"ती जोडलेली फाइल पुसली," ती म्हणाली. "तुमच्या नावाचा तुकडाही. दुसऱ्या मशीनवरून, सगळीकडून. फक्त नमुना ठेवली आणि त्यावर छोटा यू पुन्हा चालवून बघितला."

"मग?"

"तुमचं नाव आता यादीत नाही."

"चांगलंच झालं की!"

"हो..." ती बोटाने चष्मा वर सरकवत राहिली. "पण ज्याचा मालक सापडतो तेच नाव त्या यादीतून जातं. आणि तुमचा तुकडा तर मी पुसला. मग त्याचा मालक सापडला तो कुठे?"

"तुम्ही पण ना, ताईसारखाच कीस पाडता," ठोंब्या म्हणाला. "जा, घरी जाऊन झोपा."

उशी काखेत, पान खिशात घालून तो चालत घरी निघाला. महिन्यात पहिल्यांदा त्याला भूक लागली होती. शाळेतून सुटलेली पोरं रस्त्यावर ओरडत होती, सायकलवाले घंटा वाजवत होते, दुकानांचे दिवे एकेक लागत होते. चालता चालता तो मनातल्या मनात वाक्य घोकत होता. आईपुढे बसायचं, पान काढायचं नाही, तोंडपाठ म्हणायचं. हे ताईचं, आणि हे पुढचं तिने माझ्याकडून करून घेतलं. आई रडेल. रडू दे. महिनाभर ती नीट रडलेलीसुद्धा नव्हती.

जिना चढून तो दारापाशी आला. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून स्वयंपाकघरातला पिवळा उजेड बाहेर आला होता. भांड्यांचा आवाज येत होता. त्याने वाकून एक बूट काढला. पावलांची चाहूल लागून आत आईने हाक मारली, "ठोंब्या, आलास का रे?"

त्याने तोंड उघडलं.

"ओ," घरातल्या ताईच्या खोलीतून आवाज आला.

तो आवाज त्याचा होता. धुराने जरा घोगरा झालेला, शेवटी किंचित वर जाणारा. दिवसातून दहादा तो अशीच ओ द्यायचा. ठोंब्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. एक पाय बुटात, एक बाहेर.

"जेवण व्हायला वेळ आहे," आई म्हणाली. तिची पावलं ताईच्या खोलीकडे गेली. "कळलं का रे काही? काय म्हणाली ती शेवटी?"

"बस इथे," तो आवाज म्हणाला. "सांगतो."

आणि तो हळू बोलायला लागला. शब्द कळत नव्हते. मध्येच आईचा 'हं' ऐकू यायचा, मग पुन्हा ते बोलणं. ठोंब्याला हलायचं होतं. विहिरीत उडी मारणारे त्याचे पाय आज जमिनीत पुरल्यासारखे झाले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग आई हसली. त्याची आई, महिन्यात पहिल्यांदा, लहान मुलीसारखी, समाधानाने हसली.

त्या हसण्याने त्याच्या पायांत जीव आला. "आई!" तो ओरडला आणि त्याने दार ढकललं.

दार वीतभर उघडलं आणि अडलं. हाक ऐकून दाराशी आलेल्या आईने ते पलीकडून धरलं होतं. फटीतून तिचा चेहरा दिसला, डोळे ओले, गाल उजळलेले. तिने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, एका पायातल्या बुटापासून काखेतल्या उशीपर्यंत.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आई... मी. मी आहे." त्याने खिशातलं पान काढलं. "तिचं शेवटचं बोलणं आणलंय. हे बघ..."

"ते कळलं मला. माझ्या मुलाने सांगितलं." ती शांतपणे बोलत होती, दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं, नीट आणि मानाने. "त्याने हेही सांगितलंय. दारात कुणीतरी येईल, तुला आई म्हणेल, रडेल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण आत घेऊ नकोस."

तिने दार लोटलं आणि आतून कडी लावली. ती कडी ठोंब्याने स्वतः बनवली होती. पोलादी, दुहेरी टाक्याची. आई दिवसभर एकटी असते, म्हणून अशी केली होती, की बाहेरून कुणाच्या बापाला उघडणार नाही.